घूर्णन, प्रतलीय

प्रतलातील एखादी आकृती, तिचा आकार व आकारमान न बदलता, एका स्थिर बिंदूभोवती ठराविक कोनातून फिरविण्याच्या क्रियेस प्रतलीय घूर्णन म्हणतात. स्थिर राहणाऱ्या बिंदूस घूर्णन केंद्र व फिरविलेल्या कोनास घूर्णन कोन अशी नावे आहेत. केंद्र, कोन व दिशा या तीन गोष्टी दिल्या की घूर्णन पूर्णपणे निश्चित होते. स्थानांतरण (आकृती न फिरविता सरकविणे), प्रतिबिंबन (रेषेच्या संदर्भात आकृती उलटविणे) आणि घूर्णन या आकृतीतील अंतरे कायम राखणाऱ्या मूलभूत क्रिया होत. घूर्णनाचा विशेष असा की, केंद्राखेरीज आकृतीतील प्रत्येक बिंदूचे सहनिर्देशक त्यामुळे बदलतात. परंतु आकृतीच्या लांबी, कोन, क्षेत्रफळ यांसारख्या अंगभूत गुणधर्मांपैकी एकही बदलत नाही. बदलणाऱ्या संख्यांमधून न बदलणारे ते वेगळे काढणे, हेच सहनिर्देशक प्रतलावरील घूर्णनाच्या अभ्यासाचे मुख्य प्रयोजन आहे.

संकेत : परस्परांना लंब असलेले क्ष-अक्ष व य-अक्ष ज्या बिंदूत छेदतात त्याला आदिबिंदू म्हणतात. कोणत्याही बिंदूचे स्थान (क्ष, य) या क्रमित जोडीने दर्शविले जाते. घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने, म्हणजे अपसव्य दिशेने, मोजलेला कोन धन व सव्य दिशेने मोजलेला कोन ऋण मानण्याचा प्रघात आहे. यामागे क्ष-अक्षाची धन बाजू उजवीकडे व य-अक्षाची धन बाजू वर असते हे गृहीत आहे. संगणकाच्या पडद्यावर ओळी वरून खाली मोजण्याची पद्धत असल्यामुळे तेथे य-अक्षाची धन बाजू बहुधा खाली असते आणि तीच सूत्रे वापरली असता आकृती सव्य दिशेने फिरलेली दिसते.

सूत्रे : आदिबिंदूभोवती अ या कोनातून घूर्णन केले असता (१, ० ) हा बिंदू (कोज्या अ, ज्या अ) येथे जातो. (०, १) हा बिंदू त्याच्यापेक्षा काटकोनाने पुढे असल्यामुळे तो (−ज्या अ, कोज्या अ) येथे जातो. आता (क्ष, य) या बिंदूपर्यंत पोहोचण्यासाठी पहिल्या दिशेने क्ष एकके व दुसऱ्या दिशेने य एकके चालावे लागते. घूर्णनात या दोन्ही दिशा एकत्रच फिरतात व त्यांच्यामधील काटकोन आणि चालण्याची अंतरे तशीच राहतात. म्हणून नवे स्थान (क्ष′, य′) पुढील सूत्रांनी मिळते :

क्ष′ = क्ष कोज्या अ − य ज्या अ
य′ = क्ष ज्या अ + य कोज्या अ

प्रतलात असंख्य बिंदू असले, तरी त्यांपैकी केवळ दोन बिंदू कोठे जातात हे माहीत झाले की उरलेल्या सर्वांची स्थाने ठरतात, हे यावरून दिसून येते. सूत्रांतील चार सहगुणक दोन ओळी व दोन स्तंभ यांत मांडले असता घूर्णनाचा आव्यूह मिळतो. त्याचा पहिला स्तंभ (१, ०) चे व दुसरा स्तंभ (०, १) चे नवे स्थान दर्शवितो. या आव्यूहाच्या निर्धारकाचे मूल्य कोज्या² अ + ज्या² अ, म्हणजे १ असते. मूल्याचा आकडा १ असल्यामुळे क्षेत्रफळ कायम राहते आणि त्याचे चिन्ह धन असल्यामुळे आकृतीच्या शिरोबिंदूंचा फिरता क्रम कायम राहतो. प्रतिबिंबनाच्या आव्यूहाचा निर्धारक −१ असतो व त्यात हा क्रम उलटतो. वरील सूत्रांचे वर्ग करून बेरीज केल्यास क्ष′² + य′² = क्ष² + य² असे येते, म्हणजेच आदिबिंदूपासूनचे अंतर बदलत नाही. हेच गणित दोन बिंदूंच्या सहनिर्देशकांच्या वजाबाकीला लावले असता कोणत्याही दोन बिंदूंमधील अंतरही बदलत नाही, असे सिद्ध होते.

काही कोनांसाठी सूत्रे फारच सोपी होतात. ९०° साठी (क्ष, य) चे (−य, क्ष), १८०° साठी (−क्ष, −य) व २७०° साठी (य, −क्ष) होते. उदाहरणार्थ, क (१, १), ख (४, १), ग (१, ३) हा त्रिकोण आदिबिंदूभोवती ९०° तून फिरविला असता त्याचे शिरोबिंदू (−१, १), (−१, ४), (−३, १) येथे जातात. आडवी असलेली कख ही बाजू उभी होते व उभी असलेली कग आडवी होते. तथापि बाजूंच्या लांबी पूर्वीप्रमाणेच ३, २ व √१३ राहतात.

अन्य केंद्राभोवती घूर्णन : केंद्र आदिबिंदू नसेल, तर प्रथम केंद्राचे सहनिर्देशक वजा करून केंद्र आदिबिंदूवर आणतात, मग वरील सूत्रे लावतात आणि शेवटी केंद्राचे सहनिर्देशक पुन्हा मिळवितात. वरील त्रिकोण ख (४, १) या स्वतःच्या शिरोबिंदूभोवती ९०° तून फिरविल्यास ख जागीच राहतो, क हा (४, −२) येथे व ग हा (२, −२) येथे जातो. ही उत्तरे आदिबिंदूभोवतीच्या उत्तरांशी ताडून पाहिल्यास प्रत्येक शिरोबिंदू क्ष-दिशेने ५ व य-दिशेने −३ एवढाच सरकलेला आढळतो. म्हणजे कोन तोच ठेवून केंद्र बदलल्याने केवळ एका स्थानांतरणाचा फरक पडतो.

याउलट आकृतीची मूळ व नवी स्थिती दिली असता केंद्र शोधून काढता येते. केंद्र हे प्रत्येक बिंदूच्या जुन्या व नव्या स्थानांपासून समान अंतरावर असते. म्हणून ती दोन स्थाने जोडणाऱ्या रेषाखंडाच्या लंबदुभाजकावर ते असलेच पाहिजे. दोन बिंदूंचे असे लंबदुभाजक काढले असता त्यांचा छेदनबिंदू हे केंद्र होय. (दोन्ही लंबदुभाजक एकच आले, तर तिसरा बिंदू घ्यावा लागतो.)

संयोजन : एकाच केंद्राभोवती अ व आ या कोनांतून एकापाठोपाठ केलेली दोन घूर्णने मिळून अ + आ या कोनाचे एक घूर्णन होते व त्यांचा क्रम बदलल्याने फरक पडत नाही. केंद्रे भिन्न असताना मात्र क्रमाला महत्त्व येते. (२, ०) हा बिंदू आधी आदिबिंदूभोवती ९०° तून फिरविल्यास (०, २) येथे जातो आणि मग (२, ०) या केंद्राभोवती ९०° तून फिरविल्यास (०, −२) येथे पोहोचतो. हीच दोन घूर्णने उलट क्रमाने केल्यास तो प्रथम जागीच राहतो व शेवटी (०, २) येथे जातो. संख्यांच्या बेरजेत व गुणाकारात क्रम बदलला तरी चालतो, या सवयीचा येथे उपयोग होत नाही. भिन्न केंद्रांभोवतीच्या दोन घूर्णनांच्या कोनांची बेरीज शून्य किंवा पूर्ण फेऱ्यांइतकी असेल, तर निष्पन्न होणारी क्रिया घूर्णन नसून स्थानांतरण असते. तसेच परस्परांना छेदणाऱ्या दोन रेषांत लागोपाठ प्रतिबिंबन केले असता त्या रेषांमधील कोनाच्या दुप्पट कोनाचे घूर्णन मिळते.

इतिहास : अ व आ या कोनांची दोन घूर्णने सूत्रांनी एकत्र केली म्हणजे

ज्या (अ + आ) = ज्या अ कोज्या आ + कोज्या अ ज्या आ

हे समीकरण आपोआप मिळते. या नियमाचे मूळ सहनिर्देशक प्रतलाहून कितीतरी प्राचीन आहे. भास्कराचार्य (जन्म १११४) यांनी ११५० मध्ये रचिलेल्या सिद्धांतशिरोमणि या ग्रंथातील ज्योत्पत्ती या प्रकरणात दोन कोनांच्या बेरजेची व वजाबाकीची ज्या काढण्याचा नियम दिलेला आहे. त्यांच्या गणितात ज्या हे गुणोत्तर नसून विशिष्ट त्रिज्येच्या वर्तुळातील अर्धजीवेची लांबी असल्यामुळे नियमात त्रिज्येने भागावे लागते, एवढाच फरक आहे. ग्रहगणितासाठी ज्यांची कोष्टके तयार करणे हा त्याचा उद्देश होता.

भूमितीतील बिंदूंना संख्यांशी जोडण्याचा पाया फ्रान्समध्ये रने देकार्त (१५९६–१६५०) व प्येर द फेर्मा यांनी घातला. देकार्त यांचा भूमितीविषयक प्रबंध १६३७ मध्ये प्रसिद्ध झाला. लेओनार्ट ऑयलर (१७०७–८३) यांच्या १७४८ मधील ग्रंथामुळे ज्या व कोज्या यांचा घातांकी फलनाशी असलेला संबंध प्रस्थापित झाला. यापुढील महत्त्वाची पायरी कास्पार वेसेल (१७४५–१८१८) या मोजणी व नकाशे तयार करणाऱ्या तज्ञांनी गाठली. त्यांनी १७९७ मध्ये डेन्मार्कच्या विज्ञान अकादमीपुढे वाचलेल्या व १७९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात √−१ या राशीला भूमितीय अर्थ दिला. झां रोबेर आर्गां यांनी हाच विचार १८०६ मध्ये स्वतंत्रपणे मांडला. −१ ने गुणणे म्हणजे आदिबिंदूभोवती १८०° चे घूर्णन होय, हे संख्यारेषेवरून सहज दिसते. जी क्रिया दोनदा केली असता −१ ने गुणल्यासारखे होते, ती क्रिया म्हणजे ९०° चे घूर्णन. म्हणून √−१ ही राशी 'काल्पनिक' म्हटली गेली, तरी प्रतलावर तिचा अर्थ काटकोनात वळणे इतका साधा आहे. (क्ष + य√−१) या संख्येला (कोज्या अ + √−१ ज्या अ) ने गुणले असता वर दिलेली घूर्णनाची दोन्ही सूत्रे एकदमच मिळतात.

फेलिक्स क्लाइन (१८४९–१९२५) यांनी १८७२ मध्ये एर्लांगेन येथे मांडलेल्या कार्यक्रमात भूमितीचे स्वरूपच अशा क्रियांच्या आधारे ठरविले. एखाद्या गटातील सर्व रूपांतरणांमध्ये जे गुणधर्म अविकारी राहतात त्यांचा अभ्यास म्हणजे त्या गटाची भूमिती, असा त्याचा आशय होता. शाळेत शिकविली जाणारी एकरूपता ही स्थानांतरण, घूर्णन व प्रतिबिंबन यांच्या गटाची भूमिती ठरते.

अक्षांचे घूर्णन : आकृती स्थिर ठेवून अक्ष फिरविले तरी सहनिर्देशक बदलतात. अक्ष अ कोनातून फिरविणे हे आकृती −अ कोनातून फिरविण्यासारखेच असल्यामुळे सूत्रांत केवळ ज्या असलेल्या पदांची चिन्हे उलटतात. याचा उपयोग वक्रांची समीकरणे सोपी करण्यासाठी होतो. क्ष य = १ या समीकरणावरून वक्राचा प्रकार चटकन ध्यानात येत नाही; परंतु अक्ष ४५° तून फिरविल्यास तेच समीकरण क्ष′² − य′² = २ असे होते व तो आयतीय अपास्त आहे हे स्पष्ट होते. वक्र तोच राहतो. केवळ त्याच्याकडे पाहण्याची दिशा योग्य निवडली जाते.

संगणकीय चित्रे : संगणकाच्या पडद्यावरील चित्र हे चौकोनी मांडणीतील सूक्ष्म चित्रबिंदूंचे बनलेले असते व प्रत्येक चित्रबिंदूचे सहनिर्देशक पूर्णांक असतात. काटकोनाच्या पटींखेरीज अन्य कोनातून घूर्णन केल्यास सर्वच पूर्णांकी बिंदू पूर्णांकी बिंदूंवर जात नाहीत. उदाहरणार्थ, कोज्या ३/५ व ज्या ४/५ असलेल्या (सु. ५३°) कोनातून (१०, ५) हा बिंदू नेमका (२, ११) येथे जातो, पण (१, ०) हा (०·६, ०·८) येथे, म्हणजे चार चित्रबिंदूंच्या मधोमध कोठेतरी, पडतो. आलेले सहनिर्देशक नजीकच्या पूर्णांकांत घेतल्यास काही ठिकाणी दोन चित्रबिंदू एकाच जागी येतात, तर काही जागा रिकाम्या राहून फिरविलेल्या चित्रात छिद्रे दिसतात. म्हणून व्यवहारात हे काम उलट बाजूने करतात. नव्या चित्रातील प्रत्येक जागा −अ कोनातून मागे फिरवून ती मूळ चित्रात कोठे येते ते पाहतात व तेथील आसपासच्या चित्रबिंदूंवरून तिचा रंग ठरवितात. त्यामुळे एकही जागा रिकामी राहत नाही. मात्र चित्राच्या कडा किंचित पुसट होतात व तेच चित्र पुनःपुन्हा फिरविल्यास हा दोष वाढत जातो.

जालके व घूर्णन सममिती : एखादी आकृती पूर्ण फेरीपेक्षा लहान कोनातून फिरविल्यावर मूळच्या जागी तंतोतंत बसत असेल, तर तिला घूर्णन सममिती आहे असे म्हणतात. एका पूर्ण फेरीत आकृती जितक्या वेळा अशी बसते ती संख्या म्हणजे सममितीचा क्रम होय. चौरसाचा क्रम ४, तर सदाफुलीच्या पाच पाकळ्यांच्या फुलाचा क्रम ५ आहे. सुट्या आकृतीला कोणताही क्रम असू शकतो. परंतु प्रतलभर समान अंतरांनी पुनरावृत्त होणाऱ्या बिंदूंच्या मांडणीला, म्हणजे जालकाला, ही मोकळीक नसते. ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपके सरळ रांगांत मांडले तर पाव फेरीची सममिती मिळते. प्रत्येक रांग अर्ध्या अंतराने सरकवून सर्व शेजारी ठिपके समान अंतरांवर ठेवले, तर एक षष्ठांश फेरीची सममिती मिळते. पंचमांश फेरीची सममिती असलेली ठिपक्यांची अमर्याद मांडणी मात्र करताच येत नाही.

याचे कारण सहनिर्देशकांच्या साहाय्याने थोडक्यात दाखविता येते. जालकातील सर्वांत कमी अंतरावरील दोन बिंदू (०, ०) व (१, ०) मानू. जालकातील सर्व बिंदूंची परिस्थिती सारखीच असल्यामुळे प्रत्येक बिंदू घूर्णन केंद्र होऊ शकतो. पहिल्या बिंदूभोवती दुसरा ७२° तून फिरविल्यास तो (०·३०९, ०·९५१) येथे जातो. दुसऱ्याभोवती पहिला −७२° तून फिरविल्यास तो (०·६९१, ०·९५१) येथे जातो. सममिती गृहीत धरल्यामुळे हे दोन्ही जालकाचेच बिंदू असले पाहिजेत. पण त्यांच्यातील अंतर केवळ ०·३८२ भरते. सर्वांत कमी अंतर १ मानले असल्यामुळे ही विसंगती होय. घूर्णन कोन ६०° पेक्षा लहान असल्यास एकच बिंदू फिरवूनही अशी विसंगती येते. कारण बिंदूचे जुने व नवे स्थान यांतील अंतर १ पेक्षा कमी होते. म्हणून जालकाच्या घूर्णन सममितीचा क्रम २, ३, ४ व ६ यांखेरीज असू शकत नाही. त्रिमितीय जालकांनाही हेच बंधन लागू पडते.

स्फटिकांमधील अणूंची रचना जालकाप्रमाणे पुनरावृत्त होते असे मानले जात असल्यामुळे हा सिद्धांत स्फटिकविज्ञानाचा एक आधारस्तंभ झाला व क्रम ५ ची सममिती स्फटिकांत अशक्य मानली गेली. एप्रिल १९८२ मध्ये इझ्राएली शास्त्रज्ञ डॅन शेख्तमान यांना अमेरिकेत संशोधन करीत असताना, वेगाने थंड केलेल्या ॲल्युमिनियम-मँगॅनीज मिश्रधातूच्या इलेक्ट्रॉन विवर्तन चित्रात ३६° च्या घूर्णनाने स्वतःवरच बसणारी ठिपक्यांची रचना आढळली. ठिपके स्फटिकासारखे रेखीव होते, पण त्यांची सममिती सिद्धांताने निषिद्ध ठरविलेली होती. हा निष्कर्ष तीन सहकाऱ्यांसह १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. लायनस पॉलिंग यांच्यासारख्या ज्येष्ठ शास्त्रज्ञांनी त्याला दीर्घकाळ विरोध केला.

या वादात वरील सिद्धता चुकीची ठरली नाही. चूक ठरले ते तिच्यामागील गृहीतक. सुव्यवस्थित रचना समान अंतरांनी पुनरावृत्त झालीच पाहिजे, असे समजले जात होते. पुनरावृत्ती नसतानाही नियमबद्ध असलेली आणि क्रम ५ ची सममिती दर्शविणारी फरसबंदी रॉजर पेनरोझ यांनी १९७४ मध्येच कागदावर दाखवून दिली होती. शेख्तमान यांना आढळलेल्या पदार्थात अणूंची मांडणी याच धर्तीची होती. अशा पदार्थांना क्वासिक्रिस्टल (स्फटिकसदृश घनपदार्थ) असे नाव मिळाले. आंतरराष्ट्रीय स्फटिकविज्ञान संघटनेने १९९२ मध्ये स्फटिकाची व्याख्याच बदलली. तीत पुनरावृत्तीऐवजी विवर्तन चित्रातील रेखीव ठिपक्यांना निकष मानण्यात आले. शेख्तमान यांना या शोधाबद्दल २०११ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुनरावृत्त जालकांच्या बाबतीत २, ३, ४ व ६ ही मर्यादा मात्र आजही अबाधित आहे.